परराज्यातून कॅम्पर व्हॅन आणताना: हिशेब, कागद आणि घाट

कोकणात राहून कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, शोधणाऱ्याला लवकरच कळते की रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यात विक्रीला आलेली तयार गाडी क्वचितच सापडते आणि सापडलीच तर मालक किमतीवरून हलत नाही. मग जाहिरातींत बंगळूर, कोइम्बतूर, जयपूर, दिल्ली अशा ठिकाणच्या गाड्या दिसू लागतात. त्यांची किंमत आपल्याकडच्यापेक्षा दोन-अडीच लाखांनी कमी लिहिलेली असते आणि मन तिकडे धावते. अशी खरेदी फायद्याची होऊ शकते, यात शंका नाही. मात्र तिकडची किंमत आणि इकडची किंमत यांची थेट तुलना करता येत नाही. गाडी आपल्या अंगणात उभी आहे, तिच्यावर एमएच-०८ (रत्नागिरी) किंवा एमएच-०७ (सिंधुदुर्ग) चा क्रमांक आहे, आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आपले नाव आहे आणि पुढचा पावसाळा ती न गळता काढू शकते, अशा अवस्थेला पोहोचेपर्यंत जो एकूण खर्च होतो, तीच तिची खरी किंमत होय. हा आकडा रेल्वेचे तिकीट काढण्याआधी कागदावर मांडला पाहिजे.

आधी पुण्याशी तुलना

परराज्यातील गाडीची तुलना गावातल्या गाडीशी न करता पुण्यातल्या गाडीशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅम्परसाठी सर्रास वापरली जाणारी ट्रॅव्हलर ही गाडी बनवणारी फोर्स मोटर्स मूळची पुण्याचीच. त्या भागात अशा गाड्या, त्यांचे सुटे भाग आणि त्या जाणणारे मेकॅनिक सहज मिळतात. त्याहून मोठा फायदा कराचा आहे. एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंगच्या खासगी गाडीचा एकरकमी कर महाराष्ट्रात भरलेला असतो, त्यामुळे ती रत्नागिरीला आणल्यावर तो पुन्हा भरावा लागत नाही आणि गाडीचा क्रमांकही तोच राहतो. परराज्यातील गाडीला हे दोन्ही लागू नाही.

एक नमुना हिशेब पाहावा. त्यातील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, आपले आकडे प्रत्येकाने स्वतः भरावेत. पुण्यात एक गाडी बारा लाखांना मिळते आहे आणि तशीच गाडी बंगळूरमध्ये साडेनऊ लाखांना आहे, म्हणजे अंतर अडीच लाखांचे. आता महाराष्ट्रातील कर एक लाख वीस हजार, जाण्याचा, राहण्याचा आणि तिथल्या मेकॅनिकचा खर्च वीस हजार, परतीचे डिझेल व टोल दहा हजार, विमा तीस हजार, नोंदणी, नंबर प्लेट आणि एजंट मिळून पंधरा हजार, आणि जुन्या गाडीत निघणाऱ्या कामासाठी राखून ठेवलेले पन्नास हजार धरले, तर बेरीज दोन लाख पंचेचाळीस हजारांवर जाते. म्हणजे एवढा खटाटोप पाच हजार रुपयांसाठी होतो. हेच अंतर चार लाखांचे असेल, किंवा पुण्यात न मिळणारी एखादी विशेष चांगली बांधणी तिकडे मिळत असेल, तर मात्र जाणे योग्य ठरते.

या हिशेबात सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा कराचा असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील खासगी डिझेल मोटारींसाठी एकरकमी कराचा दर दहा लाखांपर्यंतच्या किमतीला १३ टक्के, दहा ते वीस लाखांना १४ टक्के आणि त्यापुढे १५ टक्के आहे. पेट्रोल गाड्यांना हाच दर अनुक्रमे ११, १२ आणि १३ टक्के आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला हा कर तिच्या वयानुसार कमी होत जातो. मात्र तो मूळ किमतीवरून मोजला जातो, आपण किती रुपयांना घेतली त्यावरून नाही. त्यातही आरसीवर गाडीचा वर्ग कोणता लिहिला आहे, यावर दर बदलतो. म्हणून विक्रेत्याकडून आरसीचा फोटो मागवून घ्यावा आणि तो घेऊन आपल्या आरटीओत, म्हणजे रत्नागिरीकरांनी रत्नागिरीत, सिंधुदुर्गकरांनी ओरोसला आणि रायगडकरांनी पेण किंवा पनवेलला, कराची रक्कम काढून घ्यावी. हे काम जाण्याआधी करायचे आहे. परत आल्यावर केले, तर त्या रकमेवर घासाघीस करायला विक्रेता समोर नसतो.

कोणत्या दिशेला जावे

कोकणी खरेदीदारासाठी दूर जाण्याचे एक कारण किमतीइतकेच महत्त्वाचे आहे, ते म्हणजे गंज. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत राहिलेल्या गाडीचा पत्रा वरून रंगवलेला असला, तरी चॅसिसच्या जोडांत, दाराच्या खालच्या कडांत आणि चाकांवरच्या कमानीत आतून खाल्लेला असतो. राजस्थान, हरियाणा किंवा कर्नाटकचा अंतर्भाग येथे राहिलेली त्याच वयाची गाडी खालून पाहिली, तर फरक तत्काळ कळतो. याच न्यायाने कोची, मंगळूर किंवा चेन्नईच्या गाडीसाठी फार लांबचा प्रवास करण्यात मला विशेष अर्थ दिसत नाही. तिकडची हवाही आपल्यासारखीच खारी आहे. शिवाय चेन्नईत डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोठे पूर आले होते आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊनपुसून दूरच्या गिऱ्हाइकाला विकण्याचा मोह अनेकांना होतो. अर्थात आपण चेन्नईकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणच्या किती गाड्या घाटावर विकल्या गेल्या असतील, याचा अंदाज कोणीही करू शकतो.

दिल्ली परिसरातील गाड्या स्वस्त असण्याचे कारण वेगळे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये या विषयावर पुन्हा न्यायालयीन हालचाली झाल्या आहेत, तरी तिथले मालक दहाव्या वर्षाच्या आसपास गाडी काढून टाकण्याच्या विचारात असतात. अशी नऊ-दहा वर्षांची गाडी आणताना पुढचे गणितही मांडावे. पंधरा वर्षे पूर्ण होताच महाराष्ट्रात तिची तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यासोबत पर्यावरण कर येतो आणि हलक्या मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झालेले आहे. आणखी एक गोष्ट, म्हणजे गाडीच्या धुरासाठीचे बीएस मानक, पाहावी: ३१ मार्च २०१७ पर्यंत बीएस-३, त्यानंतर ३१ मार्च २०२० पर्यंत बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ अशी विक्रीची विभागणी आहे. पुढे दुसऱ्या कोणाला गाडी विकायची वेळ येईल, तेव्हा बीएस-३ गाडीला गिऱ्हाईक मिळणे कठीण जाईल.

आरसीवर काय लिहिले आहे

या खरेदीत सर्वांत जास्त लोक जिथे फसतात, ती जागा इंजिन नसून आरसीवरील वर्गाची ओळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला आहे. दुसरीकडे 'मोटर कॅराव्हॅन' हा नियमांनी मान्य केलेला स्वतंत्र प्रकार आहे. बसायला आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय या चार गोष्टी तिच्यात असाव्या लागतात आणि तिच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीच्या आरसीवर 'मोटर कॅराव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' असे लिहिलेले असते आणि दुसरीच्या आरसीवर 'ओम्नी बस', म्हणजे साधी प्रवासी गाडी, एवढेच असते. या दुसऱ्या गाडीत कोणीतरी आसने काढून सुताराकडून पलंग आणि ओटा बसवून घेतलेला असतो.

ही दुसरी गाडी स्वस्त असते आणि ती स्वस्त असणारच. त्याच राज्यात ती निमूटपणे फिरत राहते, कारण कोणी आत डोकावत नाही. पण परराज्यातून आणून नव्याने पासिंग करायचे म्हटले, की मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतात, चॅसिस क्रमांक ताडून पाहतात, आसने मोजतात, आणि तेथे हा बदल उघडा पडतो. मग एक तर गाडी मूळ रूपात आणावी लागते, नाही तर ती परक्या क्रमांकावर लपतछपत चालवावी लागते. अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. माझा सल्ला असा, की ज्या गाडीच्या आरसीवर योग्य वर्ग नाही, तिच्यासाठी घरातून निघूच नये. विक्रेत्याने 'आमच्याकडे कोणी विचारत नाही' असे सांगितले, तर ते त्याच्या गावापुरते खरे असेल असे समजावे.

पिवळ्या नंबर प्लेटची, म्हणजे प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेली, गाडी असेल तर परमिट परत करणे, तिथला कर पूर्ण भरल्याचा दाखला आणि खासगी वर्गात बदल, ही सगळी कामे विक्रेत्याने त्याच्या आरटीओत उरकलेली असावीत. उलट ज्यांना गाडी पर्यटकांना भाड्याने द्यायची आहे, त्यांनी खासगी नोंदणीच्या गाडीच्या वाट्याला जाऊ नये, कारण तशी गाडी भाड्याने देता येत नाही. राज्य शासनाचे २०२१ चे कॅराव्हॅन पर्यटन धोरण वाचून बऱ्याच निवास-न्याहरीवाल्यांच्या डोक्यात ही कल्पना आली आहे, त्यांनी हा मुद्दा आधी पक्का करावा. जाहिराती चाळताना 'कॅम्पर' शब्द टाकला की महिंद्राच्या बोलेरो कॅम्पर पिकअपच निम्म्या यादीत येतात, तेव्हा शोधताना 'कॅराव्हॅन' किंवा 'मोटरहोम' हे शब्द वापरलेले बरे.

घरून करायची तपासणी

गाडीचा क्रमांक मिळताच परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, फायनान्सचा बोजा आणि काळ्या यादीची नोंद पाहता येते. थकलेली ई-चलानेही पाहून घ्यावीत. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेवरून तपासता येते आणि हाच दाखला पुढे आरटीओतही उपयोगी पडतो. त्यानंतर विक्रेत्याशी व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि गाडी थंड असताना इंजिन सुरू करायला सांगावे. चॅसिस क्रमांक, गाडीखालचा भाग आणि छत हे सगळे एकाच सलग चित्रणात दाखवायला सांगावे. टाळाटाळ करणाऱ्याकडे जाण्यासाठी रजा खर्च करण्यात अर्थ नाही.

गाडी पाहण्याआधी पैसे पाठवू नयेत. आपण लष्करात अधिकारी आहोत, बदली झाल्यामुळे गाडी घाईत विकत आहोत, ती लष्कराच्या वाहतुकीने तुमच्या दारात पोहोचवू, फक्त आधी वाहतुकीचे पैसे भरा, असे सांगणारी टोळी जुनीच आहे आणि किंमत मोहात पाडण्याइतकी कमी ठेवणे हेच तिचे हत्यार आहे. फार तर एखादी छोटी टोकन रक्कम बँकेतून द्यावी आणि गाडी नापसंत ठरल्यास ती परत मिळेल, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

याच टप्प्यावर घरातील एक मोजणी उरकून टाकावी. उंच छताची गाडी, तिच्यावर एसी आणि सोलर पॅनेल धरून, तीन मीटरच्या आसपास जाते. आपल्या वाडीत उतरणाऱ्या रस्त्यावरची विजेची लोंबती तार, फणसाची आडवी फांदी, दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमधले वळण आणि अंगणात शिरतानाचा चढ हे सगळे टेप घेऊन मोजावे. मागच्या चाकांच्या पाठी लांब निघालेली गाडी अशा चढावर शेपूट घासते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा वेश्वी-बागमांडले येथील फेरीबोटीत गाडी चढवायची असेल तर ओहोटीच्या वेळी उताराचा कोन बदलतो, तेव्हाही हीच अडचण येते. गाडी घेतल्यावर ती हमरस्त्यावर शेजाऱ्याच्या जागेत उभी ठेवण्याची पाळी येऊ नये.

जाणे

परतीचे रेल्वेचे आरक्षण आधीच करून मग घरातून निघावे. ते रद्द केल्यास थोडे पैसे जातील, पण हातात परतीचे तिकीट असलेला माणूस 'नको' म्हणू शकतो. एवढ्या लांब आलो म्हणून जी गाडी घेतली जाते, ती बहुधा घेण्यासारखी नसते, आणि विक्रेत्याला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. दिल्लीसाठी चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळहून मंगला एक्स्प्रेस सोयीची पडते. राजस्थानकडे जायचे असेल तर रत्नागिरीहून मरुसागर एक्स्प्रेस आहे. बंगळूरला जाणाऱ्या सिंधुदुर्गकरांनी आंबोलीमार्गे बेळगाव गाठून तेथून गाडी पकडावी. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. गणपती, शिमगा आणि मे महिना या काळात कोकण रेल्वेचे तिकीट मिळवण्याची धडपड करण्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

सोबत मेकॅनिक नेता आला तर उत्तमच. नाही तर त्या शहरात गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर पैसे भरून तपासणी करून घ्यावी. विक्रेत्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये ती करू नये.

गाडी पाहणे

गाडीखाली शिरायचे कपडे सोबत न्यावेत, कारण ते काम दुसऱ्यावर सोपवण्याजोगे नाही. चॅसिसवर छोट्या हातोडीने ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते आणि खाल्लेले बद्द वाजते. नुकताच काळा रंग मारलेला असेल तर संशय वाढवावा. पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) एका बाजूला बसलेले दिसले, तर आतले फर्निचर, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या यांचे वजन एकाच बाजूला आले आहे असे समजावे. शक्य असल्यास टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि आलेले वजन आरसीवरील एकूण वजनाच्या मर्यादेशी ताडून पाहावे. हा खर्च अगदी किरकोळ आहे आणि कॅम्परच्या बाबतीत त्याच्याइतकी बोलकी तपासणी दुसरी नाही. माणसे आणि सामान चढण्याआधीच मर्यादा गाठलेली गाडी कुंभार्ली घाटात ब्रेक तापवणार, हे उघड आहे. टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३१९ हा टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कॅम्पर महिनोन् महिने उभ्या राहतात, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते.

पुराच्या खुणा पाहण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, जमिनीवरचे आच्छादन उचलावे आणि आसनांखालच्या रुळांवरचा गंज व वायरिंगच्या जोडांतला चिखल पाहावा.

इंजिन आपण पोहोचेपर्यंत सुरू करून तापवून ठेवलेले असेल, तर ते थंड होईपर्यंत थांबावे. सुरू झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे, आणि ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर जोराचा धूर उसळला तर इंजिनचे काम निघाले आहे, असे समजावे. चाचणीत उड्डाणपुलाचा किंवा टेकडीचा चढ शोधून त्यावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी, म्हणजे क्लच आणि हँडब्रेक दोन्ही बोलतात.

आता घराचा भाग. कोकणासाठी येथे एकच प्रश्न मोठा आहे, गळते का? खिडक्या आणि छतावरची झडप यांसाठी मूळ पत्रा कापलेला असतो आणि त्या कापाच्या कडेचे सील उन्हात वाळून तडकते. कोरड्या प्रदेशातल्या मालकाला ते कधी कळलेलेच नसते, म्हणून त्याचे 'अजिबात गळत नाही' हे म्हणणे प्रामाणिक असूनही निरुपयोगी असते. गाडी धुण्याच्या केंद्रावर न्यावी, छतावर आणि चारही बाजूंनी पंधरा-वीस मिनिटे पाण्याचा मारा करायला सांगावा आणि आपण आत बसून कोपरे हाताने चाचपावेत. फर्निचरसाठी आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लाय वापरले असेल तर ते आपल्या दमट हवेत टिकेल, भुशाच्या बोर्डाचे असेल तर पहिल्या आषाढातच फुगेल. कपाटाच्या आतील, न रंगवलेल्या कडेला नख लावून पाहिले की हा फरक कळतो.

विजेच्या बाबतीत विक्रेते 'रात्रभर एसी चालतो' असे ऐकवतात, तेव्हा मनात साधा गुणाकार करावा. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे १.८ युनिट वीज, आणि शिशाची ट्यूब्युलर बॅटरी असेल तर तिचे आयुष्य राखून त्यातली निम्मीच वापरता येते. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. लिथियम बॅटऱ्या किती, त्यांचे बिल आणि वॉरंटी आहे का, हे विचारावे. सोलरवर फार विसंबू नये, कारण जून ते सप्टेंबरमध्ये आपल्या आकाशातून पॅनेलला फारसे काही मिळत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाजवळ बाहेर उघडणारे छिद्र हवेच.

व्यवहार

किमतीची बोलणी तपासणीनंतर आणि आपण काढलेल्या दोषांच्या यादीवर करावी. मालक स्वतः विकत असेल तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याला मात्र आपल्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो आणि तो किमतीत धरलेला असतो. रक्कम बँकेतूनच द्यावी. आयकर कायद्यानुसार दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, आणि नोंद नसलेल्या पैशावर पुढे हक्कही सांगता येत नाही.

कागदांचा क्रम असा असावा. फायनान्स असेल तर बँकेचा ना हरकत दाखला व फॉर्म ३५ घेऊन बोजा आधी उतरवून घ्यावा. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या घ्याव्यात. परराज्यात नेण्यासाठी लागणारी एनओसी (आरटीओचा ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, तिच्यावर चॅसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट लागतो आणि ती ज्या आरटीओच्या नावे द्यायची, त्याचे नाव त्यात स्पष्ट असते. तेथे मुंबई किंवा पुणे न लिहिता आपल्या जिल्ह्याचे कार्यालयच लिहिले आहे, हे डोळ्यांनी पाहावे. ही एक चूक दुरुस्त करायला पुन्हा तेवढाच प्रवास घडतो. कायद्यात अर्जानंतर तीस दिवसांत निर्णय न कळवल्यास हरकत नाही असे मानण्याची तरतूद आहे, पण आपल्याकडचा कारकून कागद मागतो, त्यामुळे कागद हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम मोकळी न करणे हाच खात्रीचा उपाय. एनओसीला वेळ लागणार असेल तर किमतीचा काही भाग तोवर राखून ठेवण्याचा लेखी करार करावा.

ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबा पावती दोघांच्या सहीने करावी. त्या क्षणापूर्वीची चलाने विक्रेत्याची, नंतरची आपली. विमा आपल्या नावावर करण्यासाठी विक्रीपासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. त्या काळात तिसऱ्या पक्षाचा विमा चालू राहतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई गृहीत धरता येत नाही. अनोळखी गाडीने शेकडो किलोमीटर यायचे असल्याने तिथेच आपल्या नावाने संपूर्ण विमा उतरवून निघावे. विक्रेत्याची नो क्लेम सवलत, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहते, ती धरून हप्त्याचा अंदाज करू नये. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या मोटारीचा परवाना पुरतो.

आणणे

पहिले शंभर किलोमीटर त्याच शहराच्या परिसरात फिरावे, मुक्काम करावा आणि सकाळी गाडीखाली काय ठिबकले आहे ते पाहावे. ऑइल, फिल्टर, कूलंट आणि पट्टे तिथेच बदलून घ्यावेत. मूळ आरसी, विमा, पीयूसी, ताबा पावती आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत हाताशी ठेवावी. विक्रेत्याचा फास्टॅग त्याला बंद करायला सांगून आपला नवा लावावा. दिल्लीहून रत्नागिरी सुमारे साडेसतराशे किलोमीटर भरते आणि लादलेली ट्रॅव्हलर लिटरला दहाच्या आसपास धावते, असे धरून डिझेलचा हिशेब करावा.

कोकणात येणाऱ्याची अडचण अशी, की देशावरून येताना सर्वांत अवघड रस्ता सर्वांत शेवटी, म्हणजे चालक सर्वांत दमलेला असताना येतो. म्हणून कोल्हापूर, मलकापूर, कराड किंवा बेळगाव येथे रात्रीचा मुक्काम करून सकाळी घाट उतरावा. रत्नागिरीसाठी आंबा घाट, चिपळूणसाठी कुंभार्ली आणि सावंतवाडीसाठी आंबोली हे रुळलेले रस्ते सोडून मॅप जवळचा म्हणून दाखवत असलेल्या अणुस्कुरा किंवा भुईबावड्याकडे अनोळखी उंच गाडी वळवू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये. पावसाळ्यात दरडीची बातमी पाहूनच घाटात शिरावे.

घरी पोहोचल्यावर विसावा घेण्याआधी आरटीओची तारीख घ्यावी. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे, पण ही मुदत नोंदणी क्रमांकाची आहे. कराचा कायदा राज्याचा वेगळा असून, गाडी येथे वापरात आली की कराची मागणी होऊ शकते. मालकी हस्तांतरणाचा अर्ज खरेदीदाराने तीस दिवसांत करायचा असतो, त्याच्यासोबतच फॉर्म २७ चा नव्या क्रमांकाचा अर्ज द्यावा. नवा क्रमांक मिळाल्यावर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी. पहिल्या पावसाआधी गाडीखाली गंजरोधक लेप द्यावा, छताची सीले नव्याने भरावीत.

मूळ राज्यात भरलेल्या आजीव कराचा उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो. त्यासाठी नव्या आरसीची प्रत, महाराष्ट्रात कर भरल्याची पावती, एनओसीची प्रत आणि जुन्या कराची पावती लागते. ही जुनी पावती विक्रेत्याकडून व्यवहाराच्या दिवशीच मागून घ्यावी आणि परतावा कोणाच्या खात्यात यावा, याचा उल्लेख विक्रीपत्रात करून ठेवावा.